वायुसंपीडक टाकीची सुरक्षितता

वायुसंपीडक टाकी (बोलीभाषेत कॉम्प्रेसरची टाकी किंवा हवेची टाकी) हे संपीडित हवा साठवून ठेवणारे बंद दाबपात्र होय. पंक्चर काढण्याची दुकाने, दुचाकी-चारचाकींची गॅरेजे, फर्निचरचे रंगकाम, सुतारकाम, मूर्तिकाम अशा लहान व्यवसायांत, तसेच हौशी कारागिरांच्या घरगुती कार्यशाळांत अशा टाक्या सर्रास आढळतात. बहुतेक टाक्या साध्या पोलादाच्या पत्र्यापासून वितळजोड (वेल्डिंग) करून बनविलेल्या असतात. हवेतील बाष्पाचे टाकीत पाणी होते, ते तळाशी साचते आणि पत्रा आतून गंजू लागतो. हा गंज बाहेरून दिसत नाही. त्यामुळे रंग शाबूत असलेली, रोज व्यवस्थित चालणारी टाकीही प्रत्यक्षात धोकादायक झालेली असू शकते. अशी टाकी दाबाखाली असताना फाटली तर आत साठलेली ऊर्जा क्षणार्धात मुक्त होते आणि जवळच्या माणसांना गंभीर इजा किंवा मृत्यू संभवतो.

कारखान्यांतील दाबपात्रांची ठरावीक मुदतीने तपासणी करण्याचे बंधन अनेक देशांत आहे. घरगुती कार्यशाळा मात्र बहुधा या व्यवस्थेबाहेर राहतात. म्हणून तेथे टाकीची निगा, तपासणी आणि तिला वेळीच वापरातून काढणे ही जबाबदारी मालकावरच येते.

रचना व भाग

लहान वायुसंपीडकाचे पंप, विद्युत चलित्र (मोटर) आणि टाकी असे तीन मुख्य भाग असतात. पंपातील दट्ट्या बाहेरील हवा ओढून तिचे आकारमान कमी करतो आणि ती टाकीत ढकलतो. टाकी दंडगोलाकार असून तिची दोन्ही टोके बशीसारखी फुगीर असतात. सपाट पत्र्यापेक्षा फुगीर टोक त्याच जाडीत अधिक दाब सोसते. टाकीवर पुढील भाग बसविलेले असतात :

दाब-स्विच : टाकीतील दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढताच चलित्र बंद करतो व दाब उतरला की पुन्हा सुरू करतो. सुमारे ६ बारला सुरू व ८ बारला बंद अशी मांडणी लहान यंत्रांत सामान्य आहे.

दाबमापक : टाकीतील दाब दाखवितो. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पौंड प्रति चौरस इंच. गॅरेजात ज्याला नुसते ‘पौंड’ म्हणतात ते हेच एकक होय.

सुरक्षा झडप : दाब-स्विच निकामी होऊन दाब वाढत राहिल्यास आपोआप उघडते व जादा हवा बाहेर सोडते.

एकमार्गी झडप : टाकीतील हवा पंपाकडे परत जाऊ देत नाही.

निचरा तोटी : टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूवर असते व साचलेले पाणी काढण्यासाठी वापरली जाते.

माहितीपट्टी : टाकीला जोडलेली धातूची पट्टी. तिच्यावर निर्माता, अनुक्रमांक, निर्मितीवर्ष, धारकता व कमाल कार्यदाब कोरलेला असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

संपीडित हवेचा मोठ्या प्रमाणावरील औद्योगिक वापर एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. फ्रान्स व इटली यांना जोडणारा आल्प्स पर्वतातील मों सनी बोगदा खोदताना १८६१ पासून संपीडित हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे वापरण्यात आली. हा बोगदा १८७१ मध्ये खुला झाला. पुढे विद्युत चलित्रे स्वस्त झाली आणि विसाव्या शतकात संपीडक लहान कार्यशाळांपर्यंत पोहोचला.

दाबपात्रांच्या सुरक्षिततेचे नियम मुख्यतः बाष्पित्रांच्या (बॉयलर) स्फोटांतून निर्माण झाले. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन येथील ग्रोव्हर पादत्राण कारखान्यात बाष्पित्राचा स्फोट होऊन ५८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९०७ मध्ये त्या राज्याने बाष्पित्रांविषयी कायदा केला. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स (एएसएमई) या संस्थेची बाष्पित्र संहिता १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्याखाली अग्नी पेटविला जात नाही अशा दाबपात्रांसाठी, म्हणजेच हवेच्या टाक्यांसारख्या पात्रांसाठी, या संहितेचा आठवा विभाग १९२५ मध्ये आला. टाक्यांवरील माहितीपट्टी, सुरक्षा झडपेची सक्ती आणि पाण्याच्या दाबाने घ्यावयाची चाचणी या आजच्या प्रथांना अशा संहितांनी निश्चित रूप दिले.

साठलेली ऊर्जा

हवा दाबली जाते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. टाकीच्या धोक्याचे मूळ या फरकात आहे. १०० लिटरच्या टाकीत ८ बार दाबाने हवा भरली असता, ती अचानक प्रसरण पावताना मुक्त होऊ शकणारी ऊर्जा सुमारे १०५ किलोज्यूल असते. एक टन वजन सुमारे १० मीटर उंच उचलण्यास जवळपास एवढीच ऊर्जा लागते. तीच टाकी पूर्णपणे पाण्याने भरून तोच दाब दिला, तर पाण्यात साठणारी ऊर्जा अवघी १५ ज्यूलच्या आसपास असते. म्हणूनच टाकीची चाचणी हवेने न घेता पाण्याने घेतात. पाण्याने भरलेली टाकी फुटली तर चीर पडून पाणी गळते. हवेने भरलेली टाकी फुटली तर पत्रा, जोड व आजूबाजूच्या वस्तू वेगाने फेकल्या जातात.

दाबामुळे टाकीवर येणारा भारही सहज लक्षात येत नाही. ३५० मिलिमीटर व्यासाच्या टाकीच्या प्रत्येक टोकावर ८ बार दाबाला सुमारे ७.८ टन वजनाइतके बल आतून ढकलत असते. दंडगोलाच्या भिंतीत परिघाच्या दिशेने निर्माण होणारे प्रतिबल हे दाब गुणिले व्यास भागिले जाडीची दुप्पट, या सूत्राने मिळते. वरील टाकीचा पत्रा ३ मिलिमीटर असल्यास हे प्रतिबल सुमारे ४७ मेगापास्कल येते. पत्रा झिजून २ मिलिमीटर झाला तर ते ७०, १ मिलिमीटर झाला तर १४० आणि अर्धा मिलिमीटर उरला तर २८० मेगापास्कल होते. साधे पोलाद सुमारे २५० मेगापास्कलला कायमचे ताणले जाऊ लागते. दाबमापकावरचा आकडा या सर्व काळात तोच, म्हणजे ८ बार, असतो. यंत्राच्या वागणुकीत कोणताही बदल न होता सुरक्षिततेची शिल्लक अशा प्रकारे संपत जाते.

परिघाच्या दिशेचे प्रतिबल लांबीच्या दिशेच्या प्रतिबलाच्या दुप्पट असते. त्यामुळे दंडगोल टाकी सहसा लांबीच्या रेषेत फाटते.

ऱ्हासाची कारणे

पाणी व गंज

हवेत नेहमी काही बाष्प असते. ३० अंश सेल्सिअस तापमानाला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. हवा नऊपट दाबली की तिचे आकारमान एक नवमांश होते, पण बाष्प तेवढेच राहते. दाबलेली हवा प्रथम पुष्कळ तापते. ती थंड होऊन मूळ तापमानावर आली की जादा बाष्पाचे पाणी होते. पावसाळ्यात कोकणपट्टी, मुंबई किंवा गोवा येथे सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असताना प्रत्येक घनमीटर हवेमागे सुमारे २१ ग्रॅम पाणी सुटू शकते. मिनिटाला २०० लिटर हवा ओढणारा पंप तासभर सलग चालला तर या हिशेबाने सुमारे पाव लिटर पाणी तयार होते. त्याचा मोठा भाग टाकीच्या तळाशी जमतो.

या पाण्याचा परिणाम उघड्यावरच्या पाण्यापेक्षा तीव्र असतो. हवा नऊपट दाबलेली असल्याने तिच्यातील प्राणवायूचा आंशिक दाबही नऊपट असतो. पाण्यात त्या प्रमाणात अधिक प्राणवायू विरघळतो आणि पोलाद लवकर गंजते. गंज सर्वत्र सारखा पसरत नाही. पाण्याची पातळी जेथे रोज वरखाली होते तो पट्टा, वितळजोडांच्या कडा, पायांच्या व चाकांच्या जोडांवरील भाग आणि गाळाखालील जागा येथे तो खोल खड्डे पाडतो. गाळाखालील पाण्यात प्राणवायू कमी व बाजूच्या पाण्यात अधिक, अशी विषमता निर्माण होऊन गाळाखालचा धातू अधिक वेगाने खाल्ला जातो. या प्रकारास खड्डेदार गंज म्हणतात. टाकीची सरासरी जाडी चांगली असतानाही एखाद्या ठिकाणी पत्रा कागदासारखा पातळ झालेला असू शकतो.

आडव्या टाकीत तळाच्या संपूर्ण लांबीवर पाण्याचा पट्टा राहतो, तर उभ्या टाकीत पाणी खालच्या बशीत आणि तिच्या जोडापाशी साचते. आडवी टाकी निचरा तोटीच्या विरुद्ध बाजूला कललेली असल्यास तोटी उघडूनही पाणी आत राहते.

धातुश्रांती

टाकीतील दाब प्रत्येक वेळी ८ बारपर्यंत चढतो व ६ बारपर्यंत उतरतो. पाच मिनिटांत एक फेरा आणि दिवसाला सहा तास काम धरले तर रोज ७२ आणि ३०० कामाच्या दिवसांत २१,६०० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात धातू किंचित ताणला व सैल होतो. त्याशिवाय टाकीवरच बसविलेल्या पंपाची व चलित्राची थरथर असते. दीर्घकाळाने पाय, मूठ किंवा पंपाचा पाट जेथे टाकीला जोडलेला असतो तेथे बारीक भेगा पडू शकतात. गंजाचे खड्डे अशा भेगांना सुरुवात करून देतात. यंत्राचे चारही पाय जमिनीवर सारखे टेकत नसल्यास किंवा ते फरशीला आवळून बसविले असल्यास हा ताण वाढतो. ॲल्युमिनियमच्या टाक्या पोलादासारख्या गंजत नाहीत, परंतु त्यांनाही धातुश्रांती व खड्डे पडणे यांपासून मुक्ती नसते.

बाह्य कारणे

ओल्या फरशीवर ठेवलेल्या टाकीचा तळ बाहेरूनही गंजतो. समुद्रकिनाऱ्यावरील खारी हवा, रंगकामातील रसायने, वाहतुकीत पडलेले पोचे आणि मालकाने नंतर केलेले वितळजोड यांमुळेही टाकी कमकुवत होते. पंपातील वंगणतेल जळून गरम हवेच्या नळीत काजळीचे थर साचतात. अतितापमानात हे थर पेट घेऊन आग किंवा स्फोट होऊ शकतो. हा धोका सतत चालणाऱ्या मोठ्या यंत्रांत अधिक असतो.

निकामी होण्याचे प्रकार

सूक्ष्म गळती : गंजाचा एखादा खड्डा आरपार गेला की टाकीतून हवेचा बारीक झोत येऊ लागतो किंवा तळाशी तांबूस ओलावा दिसतो. हा तुलनेने सौम्य प्रकार असला तरी त्याचा अर्थ एकच छिद्र पडले आहे असा होत नाही. भोवतालचा पत्राही त्याच पाण्याने खाल्लेला असतो. अशी गळती म्हणजे टाकीचे आयुष्य संपल्याची सूचना समजली जाते.

फाटणे : तळाचा लांब पट्टा सारखा पातळ झाला असेल तर छिद्र पडण्याऐवजी चीर क्षणार्धात लांबवर धावते आणि दंडगोल उलगडल्यासारखा सपाट होतो. बहुतेक प्राणघातक इजा या प्रकारात संभवतात.

टोक निखळणे : बशीसारख्या टोकाचा जोड तुटला तर टोक एका दिशेला व उरलेली टाकी विरुद्ध दिशेला अग्निबाणाप्रमाणे फेकली जाते.

पहिल्या प्रकारानेच सुरुवात होईल असे गृहीत धरता येत नाही. फाटण्यापूर्वी कोणतीही गळती न दिसणे शक्य असते.

सुरक्षा झडप व तिची मर्यादा

सुरक्षा झडप असल्याने टाकी फुटणार नाही, असा समज प्रचलित आहे. झडप केवळ ठरविलेल्या मर्यादेपेक्षा अधिक दाब होऊ देत नाही. पत्रा झिजलेली टाकी त्या मर्यादेच्या आत, म्हणजे नेहमीच्या कार्यदाबालाच फाटू शकते. अशा वेळी झडप उघडण्याचे कारणच निर्माण होत नाही.

तरीही झडप अत्यावश्यक आहे. तिचा उघडण्याचा दाब माहितीपट्टीवरील कमाल कार्यदाबापेक्षा अधिक नसावा व पंप जितकी हवा पुरवितो त्याहून अधिक हवा सोडण्याची तिची क्षमता असावी. टाकी व झडप यांच्यामध्ये बंद करता येणारी कोणतीही तोटी नसावी. धूळ, रंगाचे कण व गंज यांमुळे झडप जागीच चिकटते. म्हणून तिची कडी अधूनमधून ओढून ती उघडते व पुन्हा घट्ट बसते हे पाहतात. त्या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा असणे आवश्यक असते. सतत फुसफुसणारी झडप काढून तेथे खिळा, बोल्ट किंवा बूच बसविणे हा अत्यंत घातक प्रकार होय. तशीच गोष्ट दाब-स्विचचा स्क्रू पिळून कार्यदाब वाढविण्याची.

तपासणी

दृश्य तपासणी : टाकी पूर्ण रिकामी करून व वीज तोडून तिचा तळ, जोड, पाय व तोटीभोवतीचा भाग पाहतात. रंगाला आलेले फोड, तांबूस ओघळ, फुगवटा, पोचे व भेगा ही धोक्याची चिन्हे होत. जुन्या टाकीवर नुकताच दिलेला रंग आश्वासक नसून, उलट अधिक बारकाईने पाहण्याचे कारण असते.

आतील तपासणी : एखादे बूच काढून बारीक कॅमेरा आत सोडल्यास तळाची अवस्था दिसते. वरवरचा तांबूस थर बहुतेक जुन्या टाक्यांत असतो. पापुद्रे, गाठी व खड्डे दिसल्यास मात्र टाकीचे आयुष्य संपत आल्याचे मानले जाते.

श्राव्यातीत जाडीमापन : या उपकरणातून सोडलेला ध्वनितरंग पत्र्याच्या आतील पृष्ठभागावरून परत येण्यास किती वेळ लागतो त्यावरून जाडी काढतात. पोलादात या तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. एका बाजूनेच मोजणी होत असल्याने टाकी कापावी लागत नाही. उपकरण ज्या बिंदूवर टेकविले त्याच बिंदूची जाडी कळते, म्हणून तळाच्या पट्ट्यात जवळजवळ अंतरावर अनेक मोजण्या घेतात. तरीही एखादा बारीक खोल खड्डा निसटू शकतो.

जलदाब चाचणी : टाकी पाण्याने काठोकाठ भरून, आतील सर्व हवा काढून, हातपंपाने कार्यदाबाच्या साधारण १.३ ते १.५ पट दाब देतात व तो काही काळ टिकतो का हे पाहतात. आत हवेचा फुगा राहिला तर चाचणीच धोकादायक होते. उत्तीर्ण झालेली टाकी त्या दिवशी तेवढा दाब सोसू शकते एवढेच या चाचणीतून सिद्ध होते; गंज पुढे चालूच राहतो. हवेने दाब वाढवून ‘चाचणी’ घेणे म्हणजे जो अपघात टाळायचा तोच घडवून पाहणे होय.

हातोडीने टाकी ठोकून आवाजावरून पारख करण्याची जुनी पद्धत विश्वासार्ह नाही. दाबाखालील टाकी ठोकणे तर कधीही योग्य नसते.

निगा

टाकीचे आयुष्य वाढविणारा सर्वांत साधा उपाय म्हणजे पाण्याचा नियमित निचरा. दिवसाचे काम संपल्यावर वीज बंद करून दाब थोडा शिल्लक राहील इतका उतरवितात आणि निचरा तोटी सावकाश उघडतात. उरलेली हवा पाणी बाहेर ढकलते. पूर्ण दाबावर तोटी एकदम उघडल्यास गाळ व पाणी जोराने उडते. निचऱ्यानंतर तोटी उघडीच ठेवल्यास आतील ओल कमी होण्यास मदत होते. शिवाय रात्रभर टाकी दाबाखाली राहत नाही. पावसाळ्यात दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा निचरा करावा लागू शकतो. ठरावीक वेळेने आपोआप उघडणाऱ्या तोट्याही मिळतात; मात्र त्या तुंबल्या नाहीत ना, हे पाहावे लागते.

निघणाऱ्या पाण्याचा रंग उपयुक्त माहिती देतो. फिकट तांबूस पाणी सामान्य असते; गडद तपकिरी पाणी व त्यात गंजाचे पापुद्रे असल्यास तपासणीची गरज असते. दुधाळ पाणी तेल मिसळल्याचे दर्शविते. वर्षानुवर्षे न उघडलेली तोटी गाळाने बंद झालेली असते. ती उघडल्यावर काहीच आले नाही याचा अर्थ टाकी कोरडी आहे असा घेता येत नाही.

टाकी सपाट जागी, तळाखाली हवा खेळेल अशी आणि निचरा तोटीकडे किंचित उतार देऊन ठेवतात. शक्य असल्यास ती माणसांच्या वावरापासून दूर, भिंतीच्या आडोशाला किंवा वेगळ्या पण हवेशीर खोलीत असावी. टाकीपासून पुढे हवा नेण्यासाठी पाण्याचे पीव्हीसी नळ वापरू नयेत; ते ठिसूळ होऊन फुटतात व त्यांचे धारदार तुकडे उडतात. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने (ओशा) याविषयी १९८८ मध्ये इशारा प्रसिद्ध केला होता.

दुरुस्ती व पर्यायी टाक्या

गळणाऱ्या टाकीला पत्र्याचे ठिगळ लावून वितळजोड करणे, एपॉक्सी भरणे किंवा छिद्रात स्क्रू बसविणे हे उपाय लहान कार्यशाळांत केले जातात. पातळ, गंजलेल्या पत्र्यावर केलेला जोड शेजारचा धातू तापवून त्याचे गुणधर्म बदलतो व नवीन प्रतिबले निर्माण करतो. ठिगळ टिकले तरी त्याच्या कडेचा पत्रा फाटू शकतो. दाबपात्राची दुरुस्ती अर्हताप्राप्त वितळजोडकाने, मान्य पद्धतीने करून नंतर चाचणी घेणे आवश्यक असते. लहान टाकीच्या बाबतीत हा खर्च बहुधा नव्या टाकीपेक्षा अधिक येतो. पंप व चलित्र चांगले असल्यास ते ठेवून केवळ टाकी बदलणे हा व्यवहार्य मार्ग होय.

जुन्या फ्रीजचा संपीडक आणि रिकामा स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर किंवा अग्निशामक नळकांडे जोडून घरच्या घरी वायुसंपीडक तयार करण्याची प्रथाही आढळते. त्यात अनेक धोके एकत्र येतात. सिलिंडरात ज्वलनशील वायूचा अंश उरलेला असल्यास त्यावर वितळजोड करतानाच स्फोट होऊ शकतो. त्याला तळाशी निचऱ्याची सोय नसते आणि आतून ओलाव्यापासून संरक्षण नसते. शिवाय भारतात घरगुती गॅस सिलिंडर ही तेल कंपनीची मालमत्ता असते. ग्राहकाने त्यात फेरफार करणे बेकायदेशीर आहे.

कायदे व मानके

भारत : भारतीय मानक आयएस २८२५ (१९६९) हे अग्निरहित दाबपात्रांच्या अभिकल्पाविषयी, तर आयएस ७९३८ (१९७६) हे संपीडित हवेच्या टाक्यांविषयी आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ अन्वये वातावरणीय दाबापेक्षा अधिक दाबावर चालणाऱ्या यंत्रसामग्रीचा सुरक्षित कार्यदाब ओलांडला जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय करणे बंधनकारक करण्यात आले. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्ये दाबपात्रांची सक्षम व्यक्तीकडून ठरावीक मुदतीने बाह्य, अंतर्गत व जलदाब तपासणी करण्याची तरतूद आहे. राज्यात ही अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, तर गोव्यात कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाकडे असते. पुढे कारखाने अधिनियमाचा समावेश व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये करण्यात आला.

या तरतुदी कारखान्यांसाठी आहेत. १९४८ च्या अधिनियमानुसार विजेचा वापर होत असल्यास किमान १० कामगार असलेली जागा ‘कारखाना’ ठरत असे; २०२० च्या संहितेत ही संख्या २० करण्यात आली. एकदोन माणसांचे गॅरेज, रस्त्याकडेचे पंक्चरचे दुकान किंवा घरामागची कार्यशाळा या व्याख्येत सहसा बसत नाही. बाष्पित्रांसाठीचा कायदा वाफेशी संबंधित असल्याने तोही येथे लागू होत नाही.

युरोपीय संघ : साध्या दाबपात्रांविषयीचा निर्देश प्रथम १९८७ मध्ये आला, सध्याचा निर्देश २०१४ चा (२०१४/२९) आहे. हवा किंवा नायट्रोजन यांसाठीच्या, ३० बारपर्यंतच्या वितळजोड टाक्यांचा त्यात समावेश होतो. टाकीवर कमाल कार्यदाब, कमाल व किमान तापमान आणि धारकता नोंदविणे सक्तीचे आहे.

ब्रिटन : दाबयंत्रणा सुरक्षा विनियम, २००० नुसार कामाच्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या, दाब व धारकता यांचा गुणाकार २५० बार-लिटरपेक्षा अधिक असलेल्या हवेच्या टाकीसाठी लेखी तपासणी योजना आवश्यक असते. ८ बारची ५० लिटरची टाकी (४०० बार-लिटर) या कक्षेत येते, तर २४ लिटरची (१९२ बार-लिटर) येत नाही. केवळ छंदासाठी घरी वापरलेल्या टाकीला हे विनियम लागू नाहीत.

अमेरिका : ओशाच्या नियमांनुसार कामाच्या ठिकाणच्या हवेच्या टाकीला सर्वांत खालच्या बिंदूवर निचरा तोटी, सहज दिसणारा दाबमापक व सुरक्षा झडप असणे आवश्यक आहे. टाकी वेळोवेळी पूर्ण रिकामी करणे आणि झडपेची नियमित चाचणी घेणेही बंधनकारक आहे.

जुनी टाकी विकत घेताना

वापरलेले वायुसंपीडक भंगारबाजारातून किंवा बंद पडलेल्या गॅरेजातून कमी किमतीत मिळतात. अशा व्यवहारात चलित्र चालते का व दाब किती चढतो एवढेच पाहिले जाते. टाकीकडे दुर्लक्ष होते. माहितीपट्टी नसलेली किंवा वाचता न येणारी, कमाल कार्यदाब अज्ञात असलेली, ठिगळ लावलेली अथवा निचरा तोटी बंद झालेली टाकी वापरण्यायोग्य मानली जात नाही. टाकीचे सुरक्षित आयुष्य केवळ वर्षांवरून ठरत नाही. रोज निचरा झालेली टाकी अनेक दशके टिकू शकते, तर दमट जागी दुर्लक्षित राहिलेली काही वर्षांतच निकामी होऊ शकते. पूर्वीच्या वापराचा इतिहास ठाऊक नसल्याने जुन्या टाकीची आतील तपासणी, जाडीमापन व जलदाब चाचणी करून घेतल्याशिवाय तिच्यात दाब भरणे जोखमीचे असते.

वापरातून काढणे

निकामी ठरलेली टाकी जशीच्या तशी भंगारात दिल्यास ती रंग देऊन पुन्हा बाजारात येण्याची शक्यता असते. म्हणून टाकीतील सर्व दाब काढून, तोटी उघडी आहे व दाबमापक शून्यावर आहे याची खात्री करून, सर्व जोडण्या सोडवितात आणि पत्र्याला मोठे भोक पाडून किंवा टाकी कापून ती कायमची निरुपयोगी करतात. आत तेलाचा अंश असू शकत असल्याने कापण्यासाठी ज्योतीचा वापर टाळतात. माहितीपट्टी काढून नष्ट करणे हाही या प्रक्रियेचा भाग होय.

हेही पाहा

दाबपात्र
बाष्पित्र
बॉइलचा नियम
गंजणे
सापेक्ष आर्द्रता
औद्योगिक सुरक्षा